भिंतीपलीकडचा ठेका

कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला? सांगते, पण चहाचा कप आधी खाली ठेवा. ठसका लागला तर जबाबदारी माझी नाही.

आमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये आठ मुलींच्या समूहगीताला मी गिटार वाजवणार होते. मी नववीत आहे, आणि चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. गिटारचं बरं असतं. ती बोलते, मी मान खाली घालून बसते. पण पहिल्याच तालमीत मी इतकी मागं पडले, की मुली गाऊन खाली बसल्या तरी माझं आपलं सुरूच!

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "नसेल जमत तर राहू दे हं. आपण रेकॉर्ड लावू. तू सूत्रसंचालन कर."

सूत्रसंचालन! पाचशे माणसांसमोर! माईकवर! मी!

त्याच संध्याकाळी गिटारच्या क्लासला धावले. सरांनी माझा हात नुसता पाहिला.

"अगं, प्रत्येक ठोका वरून खालीच मारतीस. हात रिकामा वर येतो, त्यात वेळ जातो. खाली एक, वर एक, असं वाजव. पिक, ती तार छेडायची चकती, सैल धर, टोक तेवढं बाहेर. कोपर नाही, मनगट हलव. आणि तार वाजो न वाजो, हात थांबवायचा नाही. घरी मेट्रोनोम लाव."

मेट्रोनोम म्हणजे फोनवर टिक-टिक करून ठेका देणारं ॲप. लावलं. दहाव्या मिनिटाला आई लाटणं घेऊनच बाहेर आली. "बंद कर ते! पाल चुकचुकल्यासारखं वाटतंय. उद्या मामा प्रवासाला निघालाय!"

झालं! आता काय करायचं?

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. खट्-खटाक्. खट्-खटाक्. शेजारी रफीकचाचा राहतात. हातमागावर हिमरूच्या शाली विणतात. चाळीस वर्षं! एवढा मुरलेला ठेका त्या फोनला तरी जमेल का? मी खुर्ची भिंतीला लावली. 'खट्'ला हात खाली, 'खटाक्'ला वर. काय सुंदर जमलं म्हणून सांगू!

एखादी धीट मुलगी पलीकडं जाऊन म्हणाली असती, "चाचा, मी तुमच्या मागावर सराव करतेय." पण मी कसली बोलतेय! शाळेतून आले की मुकाट्यानं भिंतीजवळ.

दुसऱ्या दिवशी ठेका जरा जलद वाटला. बरोबरच आहे, मी म्हटलं, वेग हळूहळूच वाढवायचा असतो. मीही वाढवला. तिसऱ्या दिवशी आणखी जलद. मीही. आठवडाभरात माझं मनगट ताकातल्या रवीसारखं घुमायला लागलं, आणि पलीकडं माग नुसता धडधडत होता. आई म्हणाली, "चाचांना झालंय काय? एवढी कसली घाई?"

मी ऐटीत रंगीत तालमीला गेले. सरही ऐकायला आले होते.

पहिलं कडवं मुलींनी कसंबसं पकडलं. दुसऱ्यात त्या पळायला लागल्या. तिसऱ्यात त्यांच्यातली मृणाल श्वास घ्यायला थांबली, ती एकदम शेवटच्या ओळीला भेटली. गाणं संपलं तेव्हा आठही जणी स्टेजवर फतकल मारून धापा टाकत होत्या.

"कुत्रं लागलंय का मागं?" सर म्हणाले. "सराव कशावर केलास?"

सांगावंच लागलं. सर हसले नाहीत. "चल, दाखव मला तो माग."

चाचा दारातच गुडघ्याला तेल चोळत बसले होते. सरांनी सगळं सांगितलं. चाचांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग भिंतीकडं.

"या अल्लाह! बेटी, तू मेरे माग पे बजा रही थी? अगं, मी तुझ्या गिटारवर माग चालवत होतो!"

"म्हणजे?"

"पहले बाजू में भाई का माग था. दोन माग बरोबर चालले की हात बसतो. भाऊ चिकलठाण्याला कंपनीत लागला, तबसे मेरा हात ढिला. मग तुझी गिटार सुरू झाली. मैं समझा, बच्ची क्लास जाती है, ठेका तो पक्का होगा! तू तेज, तो मैं भी तेज. घुटने गए मेरे! पण सांगणार कसं? पोरीचं मन मोडेल."

बघा आता! आठ दिवस आम्ही दोघं एकमेकांच्या मागं पळत होतो, आणि पुढं कुणीच नव्हतं!

चाचांची शाल मात्र निम्म्या दिवसांत तयार झाली.

"घरात इयरफोन नाही का गं?" सरांनी विचारलं.

आहे की. सुचला नाही, काय करू?

उरलेले दोन दिवस कानात टिक-टिक घालून वाजवलं. हात बसला. सर म्हणाले, "आता चिंता नाही."

गॅदरिंगचा दिवस. पडदा उघडला, समोर डोकीच डोकी! माझ्या कानात बसलेली टिक-टिक कुठल्या कुठं गेली. घाबरून ओळखीचं कुणी दिसतंय का पाहिलं, तर पहिल्या रांगेत रफीकचाचा! कडक इस्त्रीचा कुर्ता घालून खास मला ऐकायला आलेले. त्यांचा पाय मागाच्या सवयीनं आधीच ठेका धरून हलत होता. देव भेटल्यासारखं झालं. मी पायावर नजर रोखली आणि सुरुवात केली. पहिलं कडवं असं झकास!

मग सहज नजर वर गेली. चाचांची नजर माझ्या हातावर खिळलेली.

पाय जलद झाला. हात जलद झाला. पाय आणखी...

गाणं संपलं तेव्हा पुढच्या नाचाच्या मुली विंगेत अजून घुंगरं बांधत होत्या. बाईंनी माईक माझ्या हातात कोंबला. "तूच घाई केलीस ना? आता त्या येईपर्यंत तूच बोल!"

आणि मी बोलले. सर अजून सगळ्यांना सांगतात, त्या दिवशी पोरीचं टायमिंग माईकवर मात्र एकदम पक्कं होतं. एक शब्द, चार ठोके शांतता. मग दुसरा शब्द.