आमच्याकडे कुणाला काही नाही

“आमच्या माहेरी असलं कुणाला काही नाही,” पडद्यापलीकडून आत्याचा आवाज आला. कोबेच्या त्या हॉस्पिटलात मी तिची पर्स आणि छत्री मांडीवर घेऊन बसले होते. तिचं जपानी बाजारापुरतं, पण हे वाक्य तिनं पाठ केल्यासारखं स्वच्छ म्हटलं. तिचे वडील आणि धाकटा भाऊ, म्हणजे माझे आजोबा आणि बाबा, दोघंही ऐन तारुण्यात मेंदूत रक्तस्राव होऊन गेले होते.

डॉक्टरांनी दुभाषी म्हणून मला आत बोलावलं. त्यांनी कागदावर मूत्रपिंड काढलं आणि त्यावर टोपीसारखी एक ग्रंथी. तिथून अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन जास्त पाझरलं की शरीर मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम वाहून जातं, प्रेशर चढतं. काही घराण्यांत हे पिढ्यान्‌पिढ्या उतरतं. तसं असेल तर औषध वेगळं, आणि घरातल्या इतरांनाही तपासायला हवं. “एकदा नीट आठवून पाहता का?” त्यांनी विचारलं. आत्यानं आठवल्यासारखं केलं आणि नकारार्थी मान हलवली. मी चित्राकडे पाहत राहिले.

“आज इथं लिहिलं की उद्या तुझ्या लग्नात आडवं येईल,” स्टेशनवर ती म्हणाली.

“इथलं पुण्यात कोण सांगणार?”

“तूच. एरवी मौनीबाई, आणि तोंड उघडशील तेव्हा नेमकं नको ते बोलशील.”

ओसाकात नोकरी लागल्यावर मी आत्या-काकांकडेच राहायला आले होते. त्या घरात माझ्या गप्प बसण्याचं कुणाला ओझं नव्हतं; आत्या दोघींच्या वाटचं बोलायची.

आमच्याकडे या मरणांची कारणं ठरलेली होती. आजोबा संतापी म्हणून गेले, बाबा ऑफिसच्या ताणानं. आत्या ना संतापी, ना नोकरदार, म्हणून तिच्या प्रेशरचा दोष लोणच्याला मिळाला. घरातून मीठ जवळजवळ हद्दपार झालं. मिसो सूपमध्ये ती वरून उकळतं पाणी ओतायची. काका ते निमूट प्यायचे आणि ऑफिसजवळ खारट रामेन नूडल्स खाऊन यायचे. “यांच्या शर्टालासुद्धा मिठाचा वास येतो,” ती म्हणायची. तरी तिचं प्रेशर उतरत नसे, पायांत गोळे येत. मग पलंगावर बसून केळं सोलत म्हणायची, “मी ठणठणीत आहे गं. फक्त माझं पोटॅशियम घरात टिकत नाही.”

उत्तरेकडच्या मोठ्या भूकंपानंतर तिनं दाराशी आणीबाणीच्या पिशव्या ठेवल्या होत्या, एक स्वतःची, एक काकांची. मी आल्यावर तिसरी आली. दर ऋतूला ती त्या उपसायची, बिस्किटं बदलायची, पुन्हा भरायची. माझ्या पिशवीला मला हात लावू देत नसे. “वेळ आली की उघड.”

पुढच्या हिवाळ्यात, कचऱ्यासाठी दुधाचे रिकामे खोके धुऊन कापत असताना ती सिंकपाशी कोसळली. पुन्हा शुद्धीवर आली नाही. डॉक्टरांनी कारण सांगितलं तेव्हा काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला भाषांतर करावं लागलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर काका म्हणाले, “तुझी पिशवी घे. तिच्या हातची आहे.” बॅटरी, रेनकोट, बिस्किटं, आणि तळाशी, तिच्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं प्रेशर मोजायचं नवं यंत्र. माझं प्रेशर त्या घरात कधीच कुणी मोजलं नव्हतं. मी तिथंच पट्टा दंडाला गुंडाळला. आकडा चढा होता; काकांनी पट्टा पुन्हा आवळून मोजून पाहिलं. “हिला माहीत होतं,” ते म्हणाले.

ग्रंथीचं चित्र काढणाऱ्या त्याच डॉक्टरांकडे मी गेले. यावेळी सगळं सांगितलं, अर्थात हळू आवाजात आणि बंद दाराआड. रक्ताच्या तपासणीत जनुकातला तो दोष निघाला. त्यावरची गोळी एवढीशी असते की बोटांतून निसटते. ती घेताना दर सकाळी मला आत्याचं केळं सोलणं आठवतं.

मागच्या रविवारी आईनं पाहिलेल्या स्थळाशी व्हिडिओ कॉल होता. मुलाच्या आई गोड बोलत होत्या. बोलता बोलता त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे कुणाला काही नाही ना? बीपी, शुगर?” दुसऱ्या चौकटीत आईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. ते कुठलं वाक्य असणार, हे मला ठाऊक होतं.

“आहे,” मी म्हणाले. “आजोबा, बाबा, आत्या, तिघंही त्यानंच गेले. मलाही आहे. मी औषध घेते.”