लीलाधरचं टेस्टिंग

भाईंदरच्या शाळेत मी नवीनच लागले होते. १९६८ च्या जानेवारीत स्नेहसंमेलन होतं आणि लाऊडस्पीकर लावायला बावीस-तेवीस वर्षांचा एक तरुण आला होता. भावगीतांच्या तबकड्या तो एका हाताने बदलत होता. एक मात्र त्याने दोन्ही हातांनी काढली, सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि अलगद ठेवली. कर्ण्यातून इंग्रजी गाणं सुरू झालं. हेडमास्तर धावत आले.

"हे काय लावलंस?"

"टेस्टिंग, सर. कर्णा नीट वाजतोय का, ते याच्यावरच कळतं."

तो गावातला लीलाधर भोईर. बीटल्सची ती तबकडी त्याने चोरबाजारातून आणली होती. स्वतःचा ग्रामोफोन घरी नेऊन ती ऐकायला वेळ नसे. लग्न, पूजा, हळदीकुंकू, काहीही असलं तरी लोक यायच्या आधीची ती तीन मिनिटं तेवढी त्याची. ग्रामोफोनच्या पेटीच्या झाकणाला आतून त्या चौघांचा मासिकातला फोटो चिकटवलेला. त्याचेही केस तसेच कानांवर आलेले. आई, जिजाबाई, म्हणायची, "न्हाव्याकडं जा रं, म्हंजे कुनी पोरगी तरी देईल!"

एकदा मी त्याला गाण्याचा अर्थ सांगायला बसले. दोन ओळी ऐकून म्हणाला, "राहू द्या बाई. मला वाटलेला जास्त चांगला आहे."

१९७१ मध्ये गावात वाचनालय निघालं. समितीचे अध्यक्ष महिपतशेठ, मिठाचे व्यापारी. उद्घाटनाला ठाण्याहून मोठे साहेब येणार होते. महिपतशेठनी लीलाधरला आधीच बजावलं, "ते इंग्रजी बोंबलणं आज वाजलं, तर गावची जत्रा दुसऱ्याला." जत्रेचे सहा दिवस म्हणजे लीलाधरची निम्म्या वर्षाची कमाई. त्याने तबकडी पिशवीतच ठेवली आणि सनई लावली.

पाच वाजता साहेब आले. मंडपात साहेब, समिती, मी आणि स्वागतगीताच्या माझ्या सहा मुली. बाकी खुर्च्या रिकाम्या.

मी गावात धावले. गोदूबाई ओट्यावर निवांत बोंबील साफ करत होत्या.

"गोदूबाई, चला ना! साहेब आलेत."

"येवढ्यात? अजून लीलाचं विंग्लिश वाजलं न्हाय, बाय. ते वाजलं का उठायचं, लुगडं बदलायचं. सनई काय, रोजच कुठं ना कुठं वाजतेय."

शेजारच्या शेवंतीनेही तेच सांगितलं. तिचा तर भातसुद्धा त्या गाण्यावर उतरायचा.

मी परत येऊन महिपतशेठना सांगितलं. ते लाल झाले. "म्हणजे गाव माझ्या निमंत्रणपत्रिकेवर नाही, ह्याच्या त्या केसाळ पोरांवर चालतं?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. लीलाधर कर्ण्याच्या खांबाला टेकून जमिनीकडे बघत उभा होता. आपणहून तो पिशवीला हात लावणार नव्हता, लावला असता तर जत्रा गेली असती.

सव्वापाच वाजले. महिपतशेठ त्याच्याजवळ गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "लाव बाबा तुझे ते चौघे."

"जत्रा, शेठ?"

"तुझीच! लाव लवकर."

लीलाधरने दोन्ही हातांनी तबकडी ठेवली. आवाज त्याने जरा जास्तच सोडला. पाच मिनिटांत गल्ल्यांतून बायका पदर सारखे करत निघाल्या, त्यांच्यामागे पुरुष, त्यांच्यामागे पोरं. साहेब हसून म्हणाले, "हे तुमच्या गावचं स्वागतगीत का?"

"हो साहेब," महिपतशेठ म्हणाले, "आमच्याकडे पद्धत आहे तशी."

माझ्या मुलींचं स्वागतगीत त्या दिवशी राहूनच गेलं. त्या रुसल्या, पण पेढे मिळाल्यावर विसरल्या.

पुढे अठरा वर्षं जत्रेचा लाऊडस्पीकर लीलाधरचाच होता. आता त्याची सत्तरी उलटली आहे. हाटकेशला मुलीकडे तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि सकाळी नातवंडांना शाळेच्या बसपर्यंत पोहोचवतो.