शुभदाची गाडी ऑईल पीत नाही

दसऱ्याच्या सकाळी न्यू टाउनमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी गाडीची पूजा केली... आणि त्या पूजेत गाडीची वॉरंटीच घालवून बसले. लिहू की नको असं चाललं होतं, पण लिहितेच.

आधी शुभदाबद्दल सांगायला हवं. ती आमच्या वरच्या मजल्यावर राहते. मराठीच, पण जन्म इथला, कोलकात्याचा. आम्ही बँकेच्या बदलीने आलेली माणसं. तिची आणि आमची गाडी एकाच शोरूममधली, एकाच पाडव्याला घेतलेली, रंगसुद्धा तोच. फरक एवढाच की तिची गाडी ऑईल पीत नाही, आणि आमची पिते.

घरचा हिशेब मी ठेवते. दूध, गॅस, भाजीच्या पंगतीत इंजिन ऑईल दर महिन्याला येऊन बसायला लागलं, तेव्हा आधी मलाच खटकलं. आमचे हे रोज गाडीने बराकपूरच्या शाखेत जातात. वाटेत स्टिअरिंगपुढचा ऑईलचा लाल दिवा लागला की डिकीतला डबा काढून ऑईल ओततात.

शुभदाला सहज विचारलं, तर म्हणाली, "ऑईल? ते सर्व्हिसिंगला बदलतात ना, मध्ये कशाला घालायचं?" ती काही टोचून बोलली नव्हती. पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणत, थोडं ऑईल लागतंच. यांनी खूप पाठपुरावा केला तेव्हा कुठे टेस्टला तयार झाले. ऑईल खुणेपर्यंत भरायचं, झाकणावर सीलचं स्टिकर लावायचं, ठरलेलं अंतर गाडी चालवायची आणि मग किती कमी झालं ते बघायचं. जास्त कमी झालं, तर इंजिनाचं काम वॉरंटीत. आणि वॉरंटी आता संपतच आली होती... मला हे फक्त "टेस्ट चालू आहे" एवढंच म्हणाले. स्टिकरचं काही बोललेच नाहीत.

दसऱ्याला खाली गेले, तर शुभदाच्या बोनेटवर झेंडूचा हा एवढा हार. माझी माळ त्यापुढे अगदीच बारकी दिसायला लागली. मग म्हटलं, आपण नुसती बोनेटची नाही, थेट इंजिनाची पूजा करू.

बोनेट उघडलं तर झाकणावर चिकट स्टिकर. नवं भांडं आणलं की स्टिकर सोलायचं, डिंक खोबरेल तेलाने पुसायचा आणि मगच ते देवापुढे ठेवायचं, ही माझी कायमची सवय. इथेही तेच केलं. लख्ख झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. शुभदाच्या इंजिनावर स्वस्तिक नाही, हे मनात आलंच.

टेस्ट संपली त्या दिवशी मीही यांच्याबरोबर गेले. मॅनेजरने झाकणावरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं. "बौदी, ये कौन सा ऑईल है?" इथे वहिनीला बौदी म्हणतात. मी म्हटलं, "नारियल का."

सील नाही, म्हणजे मध्ये कुणी ऑईल काढलं की घातलं याचा भरवसा नाही. क्लेम बंद. येताना ऑईलचा दिवा लागला, तसे हे निमूट उतरून डबा ओतून आले... चिडले असते तर बरं वाटलं असतं.

कोजागिरीला इथे घरोघरी लक्ष्मीची पूजा असते. शुभदा प्रसादाचे नारळाचे लाडू घेऊन आली. तिला कळू द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण मी चहा ठेवायला उठले तेवढ्यात यांनी सगळं सांगून टाकलं.

"अगं वेडे, मला नाही का सांगायचंस? उद्या मी येते." यांचा चेहरा असा उजळला, की माझ्यासाठी तो शेवटचा कधी उजळला होता ते मी आठवत बसले.

सर्व्हिस सेंटरमध्ये तिने बंगालीत सुरू केलं. मॅनेजरला म्हणाली, "दादा, एदिके आशून तो," आणि त्याला वर्कशॉपच्या कोपऱ्यातल्या हवेच्या मशीनपाशी घेऊन गेली. विश्वकर्मा पूजेला इथे यंत्रं पूजतात, तेव्हाचा सुकलेला हार अजून त्यावर लटकत होता. कंपनीच्या लेबलवर तर एवढा शेंदूर, की एक अक्षर वाचता येईना.

"एटार वॉरंटी आछे, ना गॅछे?" म्हणजे, याची वॉरंटी आहे की गेली?

मेकॅनिक हसायला लागले. मॅनेजरही हसला, हात जोडून म्हणाला की दीदी, तुमच्यापुढे इलाज नाही. नवी टेस्ट, नवं सील. मग माझ्याकडे वळून, "पर बौदी, इस बार पूजा बाहर से."

एवढी मोठी काळजी उतरली, तरी मी आतून जळत होते. तीन वर्षं झाली, माझं बंगाली अजून बाजारातल्या "कोतो?"च्या, म्हणजे "कितीला?"च्या पुढे गेलं नाही. आणि हिने दोन वाक्यांत काम केलं.

नव्या टेस्टमध्ये ऑईल खुणेच्या बरंच खाली गेलेलं निघालं. इंजिन उघडलं, पिस्टनच्या रिंगा बदलल्या, सगळं वॉरंटीत. आता हे भेटेल त्याला सांगतात, "शुभदाताई होत्या म्हणून झालं." मी शेजारी उभी राहून "हो ना" म्हणते.

परवा दुरुस्त गाडी पहिल्यांदा दक्षिणेश्वरला, कालीमातेच्या देवळात नेली. शुभदाला घेऊन. जवळचा रस्ता तिला माहीत, म्हणून ती पुढे, यांच्या शेजारी. मी मागे, मांडीवर पूजेचं ताट घेऊन.

मागे बसून वाटलं, माहेरी बहिणींचा, सासरी जावांचा हेवा करण्यात माझी निम्मी वर्षं गेली. कोलकात्याला आल्यावर मात्र कितीतरी दिवस कुणाचाच वाटला नव्हता... हेवा वाटावा इतकं जवळचं कुणी नव्हतंच.

देवीपुढे उभी राहिले तेव्हा गाडीबद्दल तिचे आभार मानले. शुभदाला सुखी ठेव म्हटलं. मनातला हेवा काढून टाक, असंही म्हणणार होते... पण ते काही मागितलं नाही.