सुपडूची सव्वा मूठ

फोन शाळेच्या ऑफिसात आला तेव्हा मी आठवीच्या वर्गावर होतो. पलीकडून अक्काचे धाकटे दीर नाना बोलत होते, गावातल्या एसटीडी बूथवरून. नाना एरवी फोनवर असे बोलतात की शेताच्या या बांधावरून त्या बांधावरच्या माणसाला हाक मारताहेत असं वाटावं. त्या दिवशी आवाज इतका हळू होता की मला रिसीव्हर कानाशी दाबून धरावा लागला. "वहिनी गयी रे सकाळले," ते म्हणाले. आणि मग, "सुपडू जेवना." ही दोनच वाक्यं बोलून त्यांनी फोन ठेवला. अक्का गेली, आणि सुपडू जेवला. हेडमास्तरांकडे रजा मागायला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, कोण होत्या तुमच्या? नात्यानं म्हणाल तर कोणीच नव्हत्या.

धरणगावजवळच्या आमच्या गावात माझे आईवडील अक्काच्या घरच्या शेतात कामाला होते. कापूस वेचणीच्या दिवसांत आई मला अक्काच्या ओट्यावर सोडून जायची. त्या ओट्यावर विजेचा दिवा होता. आमच्या घरात नव्हता. दहावीपर्यंतचा माझा सगळा अभ्यास त्या दिव्याखाली झाला, आणि जळगावच्या कॉलेजात नाव घालायला वडिलांबरोबर अक्का स्वतः आली. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. ती पदवी माझी जितकी, तितकीच त्या ओट्याची आहे असं मी आजही मानतो.

सुपडू हा अक्काचा एकुलता एक मुलगा. त्याच्या आधीची दोन बाळं राहिली नाहीत, म्हणून हा जन्मला तेव्हा त्याला सुपात घालून ओवाळलं आणि सुपडू नाव ठेवलं. आमच्याकडे अशी नावं घरोघरी सापडतात. तो जगला, पण उशिरा चालला, त्याहून उशिरा बोलला, आणि जे बोलला ते थोडंच. विशीत आला तेव्हा अंगानं चांगला धिप्पाड गडी, आणि समज पाच वर्षांच्या मुलाची. स्वभावानं अतिशय गोड. एसटी आली की धावत जाऊन ड्रायव्हरला रामराम घालायचा, आणि ड्रायव्हरनं उलट रामराम घातला नाही तर दिवसभर हिरमुसलेला. अक्काचा नवरा लवकर गेला. शेती धाकटा दीर, म्हणजे नाना, बघायचे. चुली दोन होत्या, पण भिंत एकच.

एका हिवाळ्यात अक्काला ताप चढला आणि ती अंथरुणावर बेशुद्धीसारखी पडून राहिली. नाना बाजारासाठी सहकुटुंब परगावी गेलेले. सुपडू दिवसभर तिच्या उशाशी बसून होता. त्याला भूक लागली होती, पण भूक लागली असं शेजारच्या घरी जाऊन सांगायचं असतं हे त्याला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी माझी आई त्यांच्याकडे गेली तेव्हा दोघं तशीच... बरी झाल्यावर अक्का मला म्हणाली, "तू शिकेल शेस ना? मंग मनासंगे चाल." मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. तिच्यामागे सुपडूचं काय, एवढा एकच प्रश्न घेऊन आम्ही तिघं निघालो.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा तो काळ. आम्ही जळगावला सिव्हिल हॉस्पिटलात गेलो. डॉक्टरांनी सुपडूला रंग विचारले, चेंडू झेलायला लावला आणि सर्टिफिकेट दिलं. त्यावर लिहिलेलं मी अक्काला वाचून दाखवलं, की याची समज पाच वर्षांच्या मुलाएवढी आहे. परतीच्या एसटीत कंडक्टर आला तेव्हा अक्का म्हणाली, "सरकार म्हनस हाऊ पाच वर्सना शे. मंग अर्धं तिकीट दे."

कंडक्टरनं सुपडूकडे पाहिलं. "अक्का, मिश्या बघा त्याच्या."

"मिश्यास्नं अलग फाड."

सगळी गाडी हसली, सुपडू सगळ्यात जास्त. तिकीट पूर्णच घ्यावं लागलं.

मतिमंद मुलांची एक शाळा आम्हाला सापडली. स्वच्छ, हसरी शाळा होती. तिथल्या बाईंनी आम्हाला चहा दिला आणि अवघडून सांगितलं की त्यांच्याकडे अठरा वर्षांपर्यंतच घेतात. अक्कानं शांतपणे विचारलं, "बाई, अठरा व्हयनात म्हणजे पोऱ्या शहाना व्हई जास का?" त्या म्हणाल्या, आमची मुलं अठराची झाली की घरीच जातात हो, पुढे काय होतं ते आम्हालाही कळत नाही... धुळ्याला एका ऑफिसात या टेबलावरून त्या टेबलाकडे फिरलो. एका साहेबांनी वेड्यांच्या इस्पितळाचं नाव सुचवलं. अक्का उठलीच. "हाऊ येडा नही शे. साधा शे," एवढं म्हणून ती बाहेर पडली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की लहान मुलांसाठी थोडंफार आहे, म्हाताऱ्यांसाठीही काही आहे, पण सुपडूसारख्या मोठ्या माणसासाठी आमच्या दोन्ही जिल्ह्यांत विचारायचं कुठे हेच कोणाला माहीत नाही.

शेवटी त्या शाळेच्या बाईंनीच पत्ता दिला. धुळ्याच्या पुढे, लांब, एका संस्थेत मोठ्या मुलांना कायमचं ठेवून घेत. आम्ही जाऊन पाहिलं. माणसं चांगली होती, जेवण चांगलं होतं, झाडं होती. आषाढात सुपडूला तिथे सोडलं. तो रडला नाही. एसटी कधी येते तेवढं विचारत राहिला. गावी आल्यावर नाना म्हणाले, "सुटनी वहिनी तू." ती टोचून बोलण्याची त्यांची रीत होती, पण त्यात सुटकाही होती. त्या आठवड्यात अक्का खूप झोपली असं आई सांगते.

मग श्रावण आला आणि कानबाईचा सण आला. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघर कानबाई ही देवी बसते. तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्यासाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू काढतात, आणि ते धुतलेल्या चक्कीवर वेगळे दळून आणतात. गावाला गेलेल्या माणसाचीही मूठ काढतात; मुंबईला असो की फौजेत. तो रोट भाऊबंदांतच खातात. दोन्ही चुलींची कानबाई एकच असायची, आणि थोरली सून म्हणून मूठ अक्का काढायची. त्या वर्षी ती सूप घेऊन कणगीपाशी बसली. नानांचं नाव घेतलं, नानांच्या दोन्ही मुलांची घेतली, आणि सूप उचलून माझ्या आईच्या हातात दिलं. दळण दळून आलं. कणीक भिजवायला घेतली तेव्हा अक्काचा हात परातीतच थांबला. आई समोर होती. ती सांगते, अक्का रडली नाही, कोणावर चिडली नाही, कोणावर चिडणार? नाना नाही, तीच सुपडूला विसरली होती. ती म्हणाली, "महिनाभरमा मना हात त्याले इसरी गया. मी गयी म्हणजे दुसरास्ना हात कितला दिन याद ठेवतीन?"

सण आटोपल्यावर आम्ही सुपडूला आणायला गेलो. व्यवस्थापक म्हणाले, आता कुठे रुळायला लागला होता, कशाला नेता? अक्कानं त्यांना हात जोडले. त्यांच्याबद्दल तिची काहीच तक्रार नव्हती, ते तिनं पुन्हा पुन्हा सांगितलं. गाडीत बसल्यावर मला म्हणाली, "आपुन चुकीनं हुडकत होतूत. ठेवानी जागा नको. जावानी जागा पाहिजे." सकाळी जायचं, काम करायचं, संध्याकाळी घरी यायचं. चार माणसांना जशी जागा असते तशी.

ती जागा कुठेच नव्हती, म्हणून तिच्या ओट्यालगतच्या खोलीत झाली. शाळेच्या बाई सुट्टीत येऊन काय काय शिकवता येईल ते दाखवून गेल्या. शेजारच्या गावची एक मुलगी यायला लागली, मग एरंडोलकडचा एक पोरगा, मग आणखी कोणी. घरचाच कापूस होता, त्याच्या वाती वळायचं काम काढलं. नाना त्याला "वहिनीनी कंपनी" म्हणत. "काय, आज मालक कामावर आले का?" असं सुपडूला विचारत, आणि सुपडू गंभीरपणे मान हलवी. त्याच्या वाती कधी एकसारख्या झाल्या नाहीत. कोणती करंगळीएवढी, कोणती दोरखंडासारखी. देवळातले पुजारी म्हणायचे, अक्का, ही वात पेटवली तर रात्रभर जळेल. अक्का म्हणायची, मग जळू द्या. पण पुढे पुढे सरकी काढलेला स्वच्छ कापूस न मागता खोलीच्या दाराशी येऊन पडायला लागला. तो नाना आणून टाकत, आणि कोणी विचारलं तर गुरांच्या गोठ्यात ठेवायला जागा नव्हती म्हणत.

तिनं आणखी एक गोष्ट केली. सुपडूला संध्याकाळचं जेवण रोज वेगळ्या घरी. सोमवारी आमच्याकडे, मंगळवारी नानांकडे, असं सगळ्या गल्लीभर. सुरुवातीला तो पानावर बसून दाराकडे बघत राहायचा. कोणी तरी अक्काला म्हणालंही, आई असून पोराला दारोदार का पाठवतेस? तिनं वाद घातला नाही. माझ्याशी बोलताना एवढंच म्हणाली की माझ्या हातची चव सोडवायची आहे त्याला, आणि मी असतानाच सोडवायची आहे... त्या वेळी मला ते फार कठोर वाटलं होतं. नोकरी लागल्यावर मी जळगावला राहिलो, पण सुट्टीत गेलो की बघायचो. भूक लागली की सुपडू कोणत्याही दारात उभा राहून "जेवन" म्हणायला शिकला होता. एका शब्दाचं शिक्षण, पण ते द्यायला तिला कित्येक वर्षं लागली. कानबाईला मात्र ती सुपडूची मूठ सगळ्यात आधी काढायची.

शेवटचं भेटलो ते उन्हाळ्यात. खाटेवर पडून होती, खोलीतल्या आवाजाकडे कान. म्हणाली, माझ्यामागे खोलीची किल्ली तुझ्या आईकडे. सुपडूचं बघा, असं तिनं कोणालाच म्हटलं नाही.

खोली चालू आहे. सुपडू रात्री नानांकडे झोपतो. यंदा त्यांच्या घरी कानबाई बसली नाही. घरात मयत झालेलं, वर्ष पाळायचं. सणासाठी मी गावी होतो. आदल्या दिवशी आई आमच्या घरी मुठी काढत बसली होती, तेव्हा नाना दारात आले. उपरण्याच्या टोकाला गाठ मारलेली. आत न येता त्यांनी गाठ सोडली आणि गहू आईपुढे धरले.

"सुपडूना शेतस," ते म्हणाले. "तुमना रोटमा टाक."

आई गोंधळली. "नाना, आमच्या रोटात तुमच्या घरची मूठ कशी चालेल?"

"कानबाईनी इचारं तर मनं नाव सांग."

आईनं सूप पुढे केलं. गहू पडले. मग तिनं विचारलं, अक्का सांगून गेली होती का?

नाना उपरणं झटकत होते. "कोनी नही सांगं," ते म्हणाले. "हातच गया कनगीमा."

आणि ते अक्काच्या ओट्याकडे गेले, कारण एसटी येऊन गेली होती आणि ड्रायव्हरला रामराम घालून सुपडू घरी येण्याची वेळ झाली होती.