दोन उत्तरांचा मोर

माझ्या बायकोच्या थोरल्या मामांनी उभ्या आयुष्यात कुणालाही सरळ उत्तर दिलेलं नाही. चाकणच्या एका कंपनीत तीस वर्षं त्यांनी गिअरचे दाते तपासले. निवृत्त होऊन काळेवाडीत घरी बसल्यावर तपासायला काही उरलं नाही, म्हणून ते आकड्यांची कोडी रचू लागले. नव्या फ्लॅटचा नंबर विचारला तर म्हणाले, "तीन अंकी. मधला शून्य, बाकी दोन मिळून सात, आणि लिफ्टची गरज नाही." आम्ही पेढे घेऊन दोनशे पाचमध्ये गेलो आणि परक्यांकडे चहा पिऊन आलो. मामा एकशे सहामध्ये वाट बघत होते. "लिफ्टचं सांगितलं होतं, जावईबापू," एवढंच म्हणाले.

सोसायटीच्या वर्धापनदिनासाठी मात्र त्यांनी तीन महिने खपून एक मोर रचला. चौकटींचा कागद, प्रत्येक आकड्याला एक रंग, आणि सूचना सगळ्या सांकेतिक. मोराची मान म्हणजे 'बोगदा', पिसारा म्हणजे 'पंखा'. 'बोगद्यातून पंख्याच्या निम्मे प्रवासी गेले' असं वाचून आधी बोगदा ओळखायचा, मग आकडा काढायचा, मग रंग भरायचा. दर रविवारी मला समोर बसवून ते तपासणी करत. मी कधी पंख्यापलीकडे गेलो नाही.

चाळीस प्रती त्यांनी स्वतः घरोघर वाटल्या. आठवडा झाला तरी एकही उत्तर आलं नाही. दुसऱ्या मजल्यावर तो कागद कूलरच्या पायाखाली होता आणि एका बाईंनी तर हे पाण्याच्या टँकरचं वेळापत्रक का, असं विचारलं. मामा जेवायचे कमी झाले. कोडी बंद म्हणाले.

त्या रविवारी मामींनी एक प्रत त्यांच्यापुढे ठेवली, पूर्ण रंगवलेली. मामी मावळातल्या, सातवीपर्यंत शिकलेल्या. मामांनी एक नजर टाकली आणि मोर चुकलाय म्हणाले. त्यांचा उजवीकडे बघत होता, हा डावीकडे.

"डावीकडं दार हाय," मामी म्हणाल्या. "पावण्याकडं पाठ करून कसा बसंल त्यो?"

मामांनी पेन्सिल घेतली. एकेक सूचना तपासत दुपार गेली. प्रत्येक सूचना बरोबर बसत होती. शेवटी त्यांनी चष्मा काढला. "दोन उत्तरं निघतात," ते मला म्हणाले. "पीस रिजेक्ट." आणि कंपनी सदोष गाड्या परत बोलावते तशा त्यांनी चाळीसही प्रती घरोघर फिरून परत आणल्या, कूलर उचलूनसुद्धा.

आता मामींनी पास केल्याशिवाय कोडं बाहेर जात नाही. परवा मी मामांना सहज विचारलं, मामींना हे इतकं जमतं हे आधी कसं कळलं नाही? ते खोडरबरानं कागद पुसू लागले.

"रोज दारात काढायची ती," ते म्हणाले. "ठिपके मोजून, मनातल्या मनात. मी त्या रांगोळीवरून पाय टाकून शिफ्टला जायचो."