माझी चुकलेली मापं

रंधा मारत बसलं की पायाशी ढलप्या साचतात. तसे हे किस्से साचलेत. ढलप्या चुलीत तरी घालता येतात, लाजेचं तसं होत नाही. मी निपाणीचा सुतार, शाळा शिकलो नाही. सत्तर-ऐंशीच्या दरम्यान खेड्यांतनं आरोग्याची जीप फिरायची. तिच्यात बेळगावच्या एक बाई असायच्या. दुखण्यातनं उठलेल्या माणसाला खाणं, न्हाणं, काम परत आपलं आपल्याला करता यावं, हे त्यांचं काम. त्याला लागतील ती लाकडी साधनं मी करायचो.

*

बाईंचं पद ‘ऑक्युपेशनल थेरपिस्ट’. माझी जीभच वळेना. ड्रायव्हर म्हणाला, "ऑक्युपेशन म्हंजे धंदा, अण्णा." झालं! चावडीपुढं उभा राहून मी ओरडलो, "धंद्याच्या बाई आल्यात, या रं!"

बायका पटापट आत गेल्या. बाप्ये तेवढे बाहेर आले!

*

एका आप्पांचं खुब्याचं हाड मोडलेलं. त्यांना परसाकडला बसायला मधे भोक ठेवून खुर्ची केली. हौसेनं पाठीला मोर कोरला. पुढच्या खेपेला बघतो तर खुर्ची सोप्यात, पावण्यांच्या बैठकीला, भोकावर उशी, अन् उशीवर जावई!

कोपऱ्यातनं आप्पा म्हणाले, "जावईबापू, उठा आता. माझी येळ झालीया."

बाई मला एवढंच म्हणाल्या, "अण्णा, मोर पाहिजे का, हे आप्पांना विचारलं होतं?"

*

हुक्केरीकडची एक आज्जी भिंत धरून उठायला शिकत होती. मला दया आली, बखोटीला धरून उचललीच. ती ओरडायला लागली, "बिडु! बिडु!" माझं कन्नड बाजारापुरतं. म्हटलं, तंबाखूच्या निपाणीचा माणूस बघून तलफ आली असंल. खिशातली बिडी काढून तिच्या हातात दिली.

बाई म्हणाल्या, "अण्णा, त्या ‘सोडा’ म्हणतायत."

*

हा सांगताना मान खाली जाते. महारोगानं बोटं झडलेल्या एका माणसाला जाड दांड्याचा चमचा करायचा होता. त्याच्या मुठीचं माप मी उंबऱ्याबाहेरनं नुसत्या नजरेनं घेतलं. चमचा त्याच्या हातात राहीना.

तो हसला. "सुतारअण्णा, माप लांबनं घेतलंसा. आता घासबी लांबनंच खाऊ व्हय?"

दुसरा चमचा त्याची मूठ हातात धरून केला. पण पहिलं माप काही पुसलं जात नाही.

*

आता माझ्या घरचं. बायकोच्या, गंगूच्या, अंगावरनं वारं गेलं, उजवा हात लुळा पडला. डाव्या हातानं जेवली तर लोक काय म्हणतील, म्हणून वर्षभर मीच भरवायचो. दुकान उघडायची घाई. तोंडातला घास संपायच्या आत दुसरा. "गिळ गं, उशीर व्हतोय!" गल्ली म्हणायची, "नवरा असावा तर असा!" मला लई बरं वाटायचं.

एकदा बाई घरी आल्या. मला बाजूला सारून तिलाच विचारलं, "गंगाक्का, तुम्हाला काय करावंसं वाटतं?"

गंगू म्हणाली, "पयलं ह्यांचा हात माझ्या तोंडातनं काढा!"

मग डाव्या हाताचा सराव सुरू झाला. सांडलं, लवंडलं, मी हात आवरून बसलो. एक दिवस तिनं आमटीभात कालवला आणि डाव्या हातानं पहिला घास माझ्या तोंडात कोंबला. मी चावतोय तोवर दुसरा ओठाला टेकला.

"गिळा," ती म्हणाली, "उशीर व्हतोय."