केळीचा नसलेला खांब

ये गं, अशी जवळ बस. कागदातून कान धरायचा म्हणजे लांबून जमत नाही. पुण्यात राहून एवढी शिकलीसवरलीस, आणि आमच्या गावाचा व्हिडिओ आला तर खाली हात जोडून मोकळी झालीस? म्हणे ‘जगातली सर्वांत जुनी केळी, चोपडा तालुक्यात!’ अगं, मावशीला एक फोन तरी करायचास. त्यात देव म्हणून दाखवलाय ना, तो माझा धुण्याचा दगड आहे.

मुळात तो इथला नाहीच. माझं माहेर दोंडाईच्याकडचं. वडिलांनी विहीर खणली तेव्हा काळ्या पाषाणाच्या थराखाली हा निघाला. दोन हात लांब, मांडीहून जाड, एका अंगाने सपाट. सासरी धुण्याला धड दगड नव्हता, म्हणून त्यांनी तो ट्रकमध्ये टाकून पाठवला. इतर सुनांच्या माहेरांहून पितळेचे हंडे आले, माझ्या माहेराहून दगड. सासूबाईंनी हे वाक्य शेवटपर्यंत पुरवून वापरलं. ओला झाला की दगडावर बारीक ठिपके उठायचे. ‘दगडाला देवी निघाल्या,’ असं त्या म्हणायच्या, आणि मी चाळीस वर्षं त्या देवींवर चादरी आपटल्या.

माझी नात जळगावला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकते. सुटीत आली आणि दगडापाशी उकिडवी बसली ती उठेचना. म्हणाली, “आजी, हे ताडामाडाच्या जातीचं खोड आहे. लाव्ह्याचे थर पडायच्या त्या काळातलं. मातीत गाडलं गेलं, त्यात खनिजाचं पाणी मुरलं, आणि लाकडाचा दगड झाला.” माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माहेरी नाल्यात शिंदी होत्या. शिंदीही ताडाच्याच जातीची, तिचं खोड कापलं की असेच ठिपके दिसत.

मग तिने तिच्या मॅडमना फोन लावला, अंगणातून, मोठ्याने. “मॅडम, झाडाचा खांब सापडलाय, दगड झालेला!” झालं. आमच्याकडे खांब म्हणजे केळीचाच. इथे माणूस भेटला की तब्येत मागाहून, आधी ‘यंदा किती खांब?’ कुंपणापलीकडून शेजारच्या आबांनी ऐकलं, आणि चहाच्या वेळेपर्यंत सरपंचभाऊ दारात.

“अक्का, हाऊ तं केयीना खांब शे!” भाऊ दगडाला हात लावून म्हणाले. “गावच्या वेशीवर बसवू. मंगळवारी शेंदूर.” तू पाहिलास तो व्हिडिओ त्यांनी तिथेच उभ्या उभ्या काढला.

नातीचा चेहरा उतरला. तिला त्याच्या टोकाचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा होता. एकदा शेंदूर लागला की कोण हात लावू देणार?

मी म्हटलं, “भाऊ, हा दोंडाईच्याचा. तिकडे कुठली केळी?”

“अक्का, तुम्ही लग्न करून आल्या, आमच्या झाल्या. मग दगड परका कसा?”

नातीने समजावून पाहिलं. या झाडांना शेंड्यावर एकच कोंब असतो, तो गारठला की झाड संपलं. असं जाड खोड वाढलं म्हणजे तेव्हा इथे कडाक्याची थंडी नसावी, पाणीही भरपूर असावं. पण एका दगडावरून सगळं ठरत नाही, म्हणून तर काप हवा. एवढं सगळं ऐकून आबांना एकच शंका आली. थंडीने केळी करपते त्याला आम्ही चरका म्हणतो, ते तुला ठाऊक आहे. आबा म्हणाले, “तव्हय चरका पडे नही? मंग इमा कशाना भेटे?” त्यांना पडली होती पीकविम्याची!

शेवटी मी विळा घेतला, मागच्या वाफ्यातला केळीचा खांब आडवा केला आणि दगडाशेजारी ठेवला. केळीत कांद्यासारखे पापुद्रे, पापुद्र्यात पोकळ घरं. दगडात ना पापुद्रा ना पोकळी, नुसते ठिपके. सगळ्यांनी वाकून पाहिलं. भाऊंनी जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाले, “जुन्या वाणाला ठिपके असतील.”

त्यांच्या डोळ्यांत मात्र मला लबाडी दिसली नाही. गेल्या उन्हाळ्यात अर्धी बाग उभी वाळली त्यांची. केळी इथे कायम होती आणि कायम राहील, एवढंच त्यांना दगडाकडून वदवून घ्यायचं होतं. आणि दगड सांगत होता उलटंच, की इथलं हवापाणी पार बदलतं.

म्हणून मी भांडले नाही. दगडावर बादली उलटी केली, साबण घेतला आणि म्हटलं, “भाऊ, धुणं चालू आहे तोवर देव उचलता येत नाही.” त्यांनाही पटलं! मंगळवारी आले, धुणं चालू. पुढच्या मंगळवारीही चालूच. शेंदराची वाटी घेऊन बिचारे कट्ट्यावर बसतात, चहा पितात आणि जातात.

नातीची परीक्षा संपायला अजून पंधरा दिवस आहेत. मग ती मॅडमना आणि कापायची करवत घेऊन येणार. माझ्याकडचे कपडे तर संपले. पडदे झाले, गोधड्या झाल्या, परवा पोत्यांनाही साबण लावला. तेव्हा तू उद्याच्याच गाडीने निघ, आणि घरातलं सगळं मळकं बांधून आण बाई. मंगळवारच्या आत ये.